सॅमॉयेडच्या 'चॅम्पियन' किताबाचे गणित : गुण, मेजर आणि परीक्षक

एडिसनकर यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमच्याकडे चौदा महिन्यांची सॅमॉयेड जातीची मादी आहे. ज्या ब्रीडरबाईंकडून ती घेतली त्यांच्याबरोबर तिची मालकी संयुक्त आहे. करारात असे कलम आहे की, तिला अमेरिकन केनेल क्लबच्या, म्हणजे एकेसीच्या, शोमध्ये उतरवून चॅम्पियनचा किताब मिळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा आणि तो मिळेपर्यंत तिची नसबंदी करायची नाही.

त्याप्रमाणे अलीकडेच शनिवार-रविवारी लागोपाठ झालेल्या दोन शोमध्ये आम्ही तिला नेले होते. शनिवारी ती बारा ते अठरा महिन्यांच्या वर्गात पहिली आली, निळी फीत मिळाली, परंतु गुण एकही मिळाला नाही. रविवारी पुन्हा निळी फीत मिळाली, त्यानंतर आणखी एका फेरीत जांभळी फीत मिळाली आणि ब्रीडरबाईंनी सांगितले की एक गुण झाला. त्याच दिवशी आमच्याच जातीत जांभळी फीत मिळवणाऱ्या नराला मात्र दोन गुण मिळाले. शेजारच्या रिंगणात तर एका कुत्र्याला एकदम चार गुण मिळाले आणि आजूबाजूची मंडळी "मेजर झाला" म्हणून त्याच्या मालकांचे अभिनंदन करत होती.

एकाच रंगाच्या फितीला कुठे एक, कुठे दोन आणि कुठे चार गुण का, मेजर म्हणजे काय, आणि किताब मिळण्यासाठी एकंदर किती मजल मारावी लागते, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का? ब्रीडरबाई चांगल्या आहेत, परंतु त्या या क्षेत्रात इतकी वर्षे आहेत की त्यांच्या बोलण्यातील निम्म्या गोष्टी समोरच्याला आधीच ठाऊक आहेत असे त्या गृहीत धरतात. शिवाय पुण्याचे माझे मामा विचारत आहेत की हा किताब भारतातही चालतो का. त्याचेही उत्तर मिळाल्यास बरे होईल.

---

ओहायोवासी

एडिसनकर, आपण फितींच्या रंगापासून सुरुवात केलीत हे चांगले झाले, कारण रिंगणातील सगळी उतरंड त्या रंगांतच आहे.

एकेसीच्या शोमध्ये ज्यांना अजून किताब मिळालेला नाही असे कुत्रे वेगवेगळ्या वर्गांत उतरतात. पिल्लांचे वर्ग, बारा ते अठरा महिन्यांचा वर्ग, नवोदितांचा वर्ग, हौशी मालकाने स्वतः हाताळण्याचा, म्हणजे रिंगणात फिरवून दाखवण्याचा, वर्ग, ब्रीडरने स्वतः हाताळण्याचा 'ब्रेड-बाय' वर्ग, अमेरिकेत जन्मलेल्यांचा वर्ग आणि खुला वर्ग, अशी ही विभागणी असते. नर आणि माद्या यांचे हे वर्ग पूर्णपणे वेगळे चालतात. प्रत्येक वर्गातील पहिल्याला निळी फीत मिळते, आणि या फितीला गुण नसतात. निळी फीत म्हणजे पुढच्या फेरीचा परवाना आहे. सर्व वर्गांतील निळ्या फितीच्या माद्या पुन्हा एकत्र रिंगणात येतात आणि परीक्षक त्यांतून एकीला 'विनर्स बिच' म्हणून निवडतात. जांभळी फीत तिची, आणि गुणही तिलाच. नरांच्या बाजूला हेच 'विनर्स डॉग'च्या बाबतीत घडते. याचा अर्थ, एका जातीत एका दिवशी वर्गांमधून आलेल्या कुत्र्यांपैकी केवळ दोघांना, एक नर आणि एक मादी यांना, किताबाचे गुण मिळू शकतात. शनिवारी आपली मादी निळ्या फितीपर्यंत पोहोचली आणि जांभळी फीत दुसऱ्या मादीकडे गेली, म्हणून गुण शून्य.

जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्याची आणखी एक फीत असते, ती 'रिझर्व्ह विनर्स'ची. विनर्स बिच निवडली गेली की तिच्या वर्गातील दुसऱ्या क्रमांकाची मादी रिंगणात बोलावली जाते आणि उरलेल्या निळ्या फितींबरोबर तिचाही विचार होऊन रिझर्व्हची निवड होते. रिझर्व्हला एरवी गुण मिळत नाहीत. विजेत्या मादीची नोंद काही कारणाने अपात्र ठरली तरच तिचे गुण रिझर्व्हकडे जातात.

आता गुणांच्या संख्येकडे येऊ. एका शोमध्ये गुण मिळवणाऱ्या कुत्र्याला कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त पाच गुण मिळतात, आणि ते परीक्षकाच्या मर्जीवर नसून त्या दिवशी त्या जातीतले त्याच लिंगाचे किती कुत्रे प्रत्यक्ष रिंगणात उतरले यावर ठरतात. एकेसीने देशाचे विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागासाठी, प्रत्येक जातीसाठी, नरांचे आणि माद्यांचे वेगळे कोष्टक दर वर्षी जाहीर केले जाते. मागील काळात त्या विभागात त्या जातीचे किती कुत्रे शोमध्ये उतरले यावरून ते ठरते, त्यामुळे लॅब्रडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या गर्दीच्या जातींत पाच गुणांसाठी पुष्कळ कुत्र्यांना मागे टाकावे लागते, तर दुर्मीळ जातींत तेवढेच गुण मोजक्या प्रतिस्पर्ध्यांवर मिळतात. नवे कोष्टक मे महिन्यापासून लागू होते. त्यामुळे जुना तक्ता डोक्यात ठेवून हिशेब करणाऱ्यांची दर उन्हाळ्यात धांदल उडते.

केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक कोष्टक घेऊ. समजा, आपल्या विभागात सॅमॉयेड माद्यांसाठी दोन माद्यांना एक गुण, पाच माद्यांना दोन, आठ माद्यांना तीन, दहा माद्यांना चार आणि चौदा माद्यांना पाच गुण आहेत. नरांसाठी हेच आकडे दोन, चार, सहा, आठ आणि अकरा आहेत असे धरा. रविवारी वर्गांत चार माद्या आणि पाच नर उतरले असतील, तर विनर्स बिचला एक आणि विनर्स डॉगला दोन गुण मिळणार. आपण जे पाहिलेत त्याचा उलगडा असा आहे. जी मादी नोंदवली गेली परंतु आली नाही ती या संख्येत धरली जात नाही, तसेच परीक्षकांनी अपात्र ठरवून रिंगणाबाहेर पाठवलेलीही धरली जात नाही. एकच मादी असेल आणि तिने कोणालाच हरवले नसेल, तर जांभळी फीत मिळूनही गुण शून्यच राहतो.

किताबासाठी एकंदर पंधरा गुण लागतात. तेवढीच अट असती तर छोट्या छोट्या शोंमध्ये एक-एक गुण वेचून कोणीही चिकाटीच्या बळावर किताब मिळवला असता, म्हणून त्यात आणखी दोन अटी घातलेल्या आहेत. पहिली, त्या पंधरापैकी किमान दोन विजय 'मेजर' असले पाहिजेत, म्हणजे एकाच शोमध्ये तीन, चार किंवा पाच गुण मिळवून देणारे, आणि ते दोन मेजर दोन वेगवेगळ्या परीक्षकांच्या हातून आलेले असले पाहिजेत. दुसरी, उरलेल्या गुणांपैकी किमान एक गुण या दोघांखेरीज तिसऱ्या परीक्षकाकडून आलेला असला पाहिजे. त्यामुळे हिशेबाने सर्वांत जलद मार्ग पाच-पाच गुणांच्या तीन विजयांचा आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक कुत्रे तेरा-चौदा गुणांवर येऊन दुसऱ्या मेजरच्या प्रतीक्षेत अडकतात. माझ्या मते या पद्धतीचे मर्म पंधरा या आकड्यात नसून मेजरमध्ये आहे, कारण एका परीक्षकाची आवड आणि एका दिवसाचे नशीब यांच्यावर किताब उभा राहू नये याची काळजी तिथेच घेतलेली आहे.

आता एक बारकावा, जो नवख्यांना कोणी सांगत नाही. विनर्स डॉग आणि विनर्स बिच हे दोघे पुढे 'बेस्ट ऑफ ब्रीड'च्या फेरीत जातात, जिथे आधीच चॅम्पियन असलेले कुत्रे, ज्यांना रिंगणात 'स्पेशल' म्हणतात, त्यांची वाट पाहत असतात. या फेरीत परीक्षक विनर्स डॉग आणि विनर्स बिच यांच्यातील सरस कुत्रा 'बेस्ट ऑफ विनर्स' म्हणून निवडतात, आणि त्या कुत्र्याला दोघांपैकी ज्याचे गुण जास्त असतील तेवढे गुण मिळतात. वरच्या काल्पनिक कोष्टकात सहा माद्या आणि सहा नर उतरले असे धरा. विनर्स बिचचे दोन गुण होतात आणि विनर्स डॉगचे तीन. आपली मादी बेस्ट ऑफ विनर्स ठरली तर तिच्या खात्यात दोनऐवजी तीन गुण, म्हणजेच मेजर, जमा होतो, आणि नराचे तीन गुणही शाबूत राहतात. म्हणून जांभळी फीत मिळाली की काम संपले असे समजून लीड, म्हणजे हातातली दोरी, सैल सोडू नये. आपल्या मादीने चॅम्पियनांनाही मागे टाकून बेस्ट ऑफ ब्रीड मिळवली तर हरवलेले चॅम्पियनही हिशेबात येतात, आणि त्यापुढे जाऊन तिने वर्किंग गट, म्हणजे सॅमॉयेड ज्यात मोडते तो कामकरी जातींचा गट, जिंकला तर त्या दिवशी त्या गटातील कोणत्याही जातीत दिले गेलेले सर्वाधिक गुण तिला मिळतात.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. 'बेस्ट इन शो' हा त्या दिवसाचा सर्वोच्च मान असला तरी किताबासाठी तो आवश्यक नाही. एकदाही गट न जिंकता चॅम्पियन झालेले असंख्य कुत्रे आहेत. टीव्हीवर वेस्टमिन्स्टर हा न्यूयॉर्कचा प्रसिद्ध डॉग शो पाहणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. 1877 पासून चालत आलेल्या त्या शोमध्ये चॅम्पियन ठरवले जातात असे त्यांना वाटते, वास्तविक तिथे दिसणारे बहुतेक कुत्रे आधीच चॅम्पियन होऊन आलेले असतात.

---

एडिसनकर

ओहायोवासी, मनःपूर्वक आभार. रविवारचा हिशेब आता लख्ख समजला. दोन शंका उरतात. परीक्षक नेमके काय पाहून निवड करतात? आणि ब्रीडरबाई म्हणतात की पुढच्या महिन्यातील शोमध्ये "मेजर आहे, पण तो टिकेल की नाही सांगता येत नाही". नोंदणीची मुदत संपल्यावर संख्या निश्चितच असते, मग तो टिकण्या-न टिकण्याचा प्रश्न कुठून येतो?

---

रिंगणाकाठी

मी बे एरियात राहते आणि सॅमॉयेड नव्हे, परंतु त्याच वर्किंग गटातील दुसऱ्या जातीचे कुत्रे बरीच वर्षे स्वतः हाताळते. दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते.

नोंदणी शोच्या सुमारे अडीच आठवडे आधी बंद होते आणि नंतर किती कुत्रे नोंदवले गेले याची संख्या प्रसिद्ध होते. लोक ती पाहून कोष्टकाशी ताडतात आणि "माद्यांत मेजर आहे" असे एकमेकांना कळवतात. परंतु मोजणी प्रत्यक्ष हजेरीची असते. आठ माद्यांवर मेजर ठरत असेल आणि नेमक्या आठच नोंदवलेल्या असतील, तर त्यांतली एक जरी आजारी पडली, माजावर आली म्हणून घरी राहिली, किंवा तिच्या मालकाची गाडी वाटेत बंद पडली, तरी मेजर मोडतो आणि उरलेल्या सातही जणींचा तोटा होतो. म्हणूनच काठावरच्या मेजरमध्ये कुत्रा नोंदवून विनाकारण न येणे हे या वर्तुळात फार वाईट समजले जाते. नियमात त्याला शिक्षा नाही, परंतु लोक ते विसरत नाहीत.

याच्या उलट प्रकारही चालतो. मेजर उभा राहावा म्हणून काही जण घरातील, किताबाची काहीही शक्यता नसलेले कुत्रे केवळ संख्येसाठी नोंदवतात. ते नियमबाह्य नाही, कारण प्रत्येक पात्र कुत्र्याला उतरण्याचा हक्क आहे. मला स्वतःला मात्र हा प्रकार आवडत नाही. ज्या मेजरमध्ये निम्म्या माद्या केवळ भरतीच्या आहेत त्याने ब्रीडिंगविषयी काय सिद्ध होते, हा प्रश्न उरतोच. ज्यांच्या विभागात एखाद्या जातीचे कुत्रेच मोजके आहेत त्यांचा नाइलाज मी समजू शकते.

परीक्षकांविषयी सांगायचे तर, ते रिंगणातील कुत्र्यांची एकमेकांशी सरळ तुलना करत नाहीत, निदान करू नये अशी अपेक्षा असते. प्रत्येक जातीचे एक लिखित मानक असते, ते त्या जातीचा राष्ट्रीय क्लब तयार करतो, आणि त्या मानकाच्या जवळात जवळ जाणारा कुत्रा कोणता हे परीक्षकांनी शोधायचे असते. सॅमॉयेडच्या मानकात मादीची उंची 19 ते 21 इंच आणि नराची 21 ते 23.5 इंच सांगितली आहे. पांढरा, क्रीम, बिस्किटी किंवा पांढरा-बिस्किटी यांखेरीज कोणताही रंग असेल तर, किंवा डोळे निळे असतील तर कुत्रा अपात्र ठरतो. परीक्षक आधी सर्वांना एकत्र पळवतात, मग एकेकाला जवळ बोलावून हाताने तपासतात, दात आणि जबड्याची ठेवण पाहतात, खांद्याची आणि मांडीची हाडे कशी जुळली आहेत हे केसांखाली हात घालून चाचपतात, आणि शेवटी सरळ रेषेत किंवा त्रिकोणात पळवून चाल पाहतात. आपल्या जातीत ही चाल फार महत्त्वाची आहे. सॅमॉयेड हा उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात गाडी ओढणारा कुत्रा, म्हणून तो ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीने, पळला पाहिजे, आणि वेग वाढत जाईल तसे पाय शरीराच्या मध्यरेषेकडे आत येत गेले पाहिजेत. नुसता चेहरा हसरा आणि केस शुभ्र असून भागत नाही, कारण ब्लो-ड्रायरने केस फुलवता येतात, खांदा सुधारता येत नाही.

केसांवरून एक व्यावहारिक सूचना. माद्या माजानंतर काही काळाने आतला लोकरीसारखा थर टाकतात आणि पुढचे काही महिने त्या पार उघड्या दिसतात. त्या अवस्थेत मेजरमध्ये नेऊन प्रवेश शुल्क वाया घालवण्यापेक्षा घरी बसलेले बरे. म्हणून माद्यांचे मालक शोची आखणी पंचांगाइतकीच मादीच्या माजाच्या तारखा पाहून करतात.

आणखी एक गोष्ट आपल्या करारामुळे उपयोगी पडेल. ब्रीडरबाई स्वतः सहमालक असल्यामुळे त्या आपल्या मादीला 'ब्रेड-बाय' वर्गात स्वतः हाताळू शकतात. आपण तिला हाताळणार असाल तर बारा ते अठरा महिन्यांचा वर्ग किंवा हौशी मालकांचा वर्ग योग्य ठरेल. गुण कोणत्याही वर्गातून सारखेच मिळतात, परंतु अनेक परीक्षक ब्रेड-बाय वर्गाकडे आदराने पाहतात असा माझा अनुभव आहे. व्यावसायिक हँडलर ठेवायचा असेल तर दर शोची फी, गट जिंकल्यास बक्षीस, प्रवासखर्चातील वाटा आणि कुत्रा त्यांच्याकडे राहत असेल तर सांभाळण्याचा खर्च, हे सारे आधी लेखी ठरवून घ्यावे, आणि संयुक्त मालकीत ते कोणी भरायचे हेही त्यातच लिहावे.

---

बर्मिंगहॅमकर

चर्चा अमेरिकेच्या पद्धतीची आहे, तरी ब्रिटनमधील पद्धत थोडक्यात सांगतो, कारण तुलनेने एकेसीचे नियम अधिक नीट समजतात.

इथे केनेल क्लबच्या पद्धतीत गुणांचा हिशेबच नाही. चॅम्पियनशिप शोमध्ये ज्या जातीला त्या वर्षी 'चॅलेंज सर्टिफिकेट' मंजूर झालेले असते, त्या जातीतील सर्वोत्तम नराला एक आणि सर्वोत्तम मादीला एक अशी ती दिली जातात. तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन सर्टिफिकेट, आणि त्यांतले किमान एक कुत्रा बारा महिन्यांचा झाल्यानंतर मिळालेले, एवढी झाली की किताब मिळतो. ऐकायला हे अमेरिकेपेक्षा सोपे वाटते. मेख अशी आहे की इथे चॅम्पियन कुत्र्यांना बाजूला काढून वेगळे ठेवत नाहीत. तेही त्याच सर्टिफिकेटसाठी उभे असतात. एखादी विलक्षण मादी तीन-चार वर्षे भरात असली, की तिच्या पिढीतील इतर माद्यांच्या वाट्याला फारच थोडी सर्टिफिकेट उरतात, आणि ती मादी पन्नासावे सर्टिफिकेट घेऊन जात असताना इतरांना पहिल्याची वाट पाहावी लागते. अमेरिकेत वर्गांतील कुत्र्यांना आपापसांत लढून किताब मिळवता येतो, इथे रिंगणात चॅम्पियन असेल तर त्यालाही हरवूनच तो मिळवावा लागतो. कोणती पद्धत चांगली यावर इथल्या आणि तिथल्या मंडळींचे कधीच एकमत होणार नाही. माझे मत विचाराल तर इथली पद्धत अधिक कडक आहे, पण लहान संख्येच्या जातींवर ती अन्याय करते.

इथे परीक्षकाला सर्टिफिकेट रोखून धरण्याचाही अधिकार आहे. सर्टिफिकेट देताना हा कुत्रा किताबास पात्र ठरावा इतक्या असामान्य गुणवत्तेचा आहे असे परीक्षकाला लेखी नमूद करावे लागते, आणि तसे वाटत नसेल तर वर्गात पहिला क्रमांक देऊनही तो सर्टिफिकेट नाकारू शकतो. आणखी एक वेगळेपण म्हणजे 'गनडॉग' म्हणजे बंदुकीच्या शिकारीत साथ देणाऱ्या गटातील रिट्रीव्हर, स्पॅनियल, सेटर वगैरे जातींना तीन सर्टिफिकेटनंतर केवळ 'शो चॅम्पियन' म्हणता येते. पूर्ण 'चॅम्पियन' म्हणवून घ्यायचे तर प्रत्यक्ष मैदानावरील कामाची पात्रताही सिद्ध करावी लागते. बॉर्डर कॉलीलाही 'शो चॅम्पियन'चाच नियम आहे.

युरोपातील बहुतेक देश ज्या एफसीआय या संघटनेशी संलग्न आहेत तिचा आंतरराष्ट्रीय किताब आणखी निराळा आहे. ज्या जातींना कामाची चाचणी बंधनकारक नाही त्यांना 'सीएसीआयबी' नावाची चार प्रमाणपत्रे लागतात. ती तीन वेगवेगळ्या देशांतून, तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून मिळवावी लागतात, आणि पहिल्या व शेवटच्या प्रमाणपत्रात किमान एक वर्ष आणि एक दिवस गेलेला असावा लागतो. कोवळ्या वयात सुंदर दिसणारा कुत्रा पुढे बेढब होऊ शकतो, म्हणून ही वर्षाची अट मला फार शहाणपणाची वाटते. अमेरिकेत पिल्लांच्या वर्गातूनच किताब पुरा करणारे कुत्रे असतात, त्यांच्याबाबत हा प्रश्न नेहमी विचारला जातो.

---

औंधची रहिवासी

एडिसनकर, आपल्या मामांच्या प्रश्नाचे उत्तर देते. किताब ज्या संस्थेने दिला त्या संस्थेचा असतो. एकेसीचा चॅम्पियन भारतात आणला तर वंशावळीत त्याचा मान राहतो, परंतु भारतीय चॅम्पियन म्हणवून घेण्यासाठी त्याला इथल्या शोमध्ये उतरून नव्याने पात्र व्हावे लागते. भारतात हे काम चेन्नईत मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांनुसार चालते आणि पद्धत ब्रिटिश वळणाची, म्हणजे वेगवेगळ्या परीक्षकांकडून चॅलेंज सर्टिफिकेट मिळवण्याची आहे. पुण्या-मुंबईकडील शो प्रामुख्याने थंडीच्या दिवसांत असतात. सॅमॉयेडसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला उरलेले वर्ष इथे कसे घालवावे लागेल याचाही मामांनी विचार करावा, असे नम्रपणे सुचवते.

एक गोष्ट मात्र मामांना मुद्दाम सांगा. महाराष्ट्रात लातूर-सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यात कारवान हाउंड या देशी शिकारी जातीचे कुत्रे आजही शेतकऱ्यांकडे उत्तम प्रतीचे दिसतात, केनेल क्लबची त्या जातीला मान्यता आहे, आणि शोमध्ये ते उतरतातही. तरीही खेड्यातील बहुतेक कुत्र्यांची नोंदणी आणि वंशावळीचे कागद नसल्यामुळे ते किताबाच्या शर्यतीत येतच नाहीत. धावण्यात आणि बांध्यात सरस असलेला कुत्रा केवळ कागदाअभावी रिंगणाबाहेर राहतो, आणि कागद असलेला मध्यम प्रतीचा कुत्रा सर्टिफिकेट घेऊन जातो. किताब हा नोंदणीकृत कुत्र्यांमधला निवाडा आहे, संपूर्ण जातीमधला नव्हे, हे लक्षात ठेवलेले बरे.

---

एडिसनकर

सर्वांचे आभार. शेवटची शंका. किताब मिळाल्यानंतर ब्रीडरबाईंना तिला 'ग्रँड चॅम्पियन'साठीही उतरवायचे आहे. नसबंदी त्यामुळे आणखी लांबेल. आम्हाला घरात पिल्ले वाढवण्याची फारशी हौस नाही. ग्रँड चॅम्पियनला किती काळ लागू शकतो?

---

ओहायोवासी

काळ सांगणे कठीण आहे, अटी सांगतो. हा किताब एकेसीने 2010 मध्ये सुरू केला. त्यासाठी चॅम्पियन झाल्यानंतर नव्याने पंचवीस गुण लागतात, त्यांत तीन मेजर तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून आलेले असावे लागतात, किमान एक गुण चौथ्या परीक्षकाकडून यावा लागतो, आणि किमान तीन शोमध्ये निदान एका चॅम्पियनाला हरवलेले असावे लागते. हे गुण बेस्ट ऑफ ब्रीडच्या फेरीत, बेस्ट ऑफ ब्रीड, विरुद्ध लिंगातील सर्वोत्तम आणि 'सिलेक्ट', म्हणजे त्या दोघांच्या खालोखालचा नर आणि मादी, या निवडींना मिळतात. पुढे शंभर गुणांना ब्राँझ, दोनशेला सिल्व्हर, चारशेला गोल्ड आणि आठशेला प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. या पायऱ्या चढणे हा मुख्यतः पैशाचा आणि प्रवासाचा प्रश्न होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला किताब कुत्र्याविषयी जेवढे सांगतो त्याच्या मानाने गोल्ड आणि प्लॅटिनम मालकाच्या सवडीविषयी आणि खिशाविषयी अधिक सांगतात.

नसबंदीची अट एकेसीचीच आहे, ब्रीडरबाईंची लहर नव्हे. या स्पर्धेचा मूळ हेतू पुढच्या पिढीसाठी योग्य कुत्रे निवडण्याचा असल्याने नसबंदी झालेल्या कुत्र्याला नियमित वर्गांत उतरता येत नाही. मात्र एकदा मिळालेला किताब नसबंदीनंतर काढून घेतला जात नाही, आणि ओबीडियन्स, रॅली, अ‍ॅजिलिटी या आज्ञापालनाच्या आणि चपळाईच्या स्पर्धांत नसबंदी झालेले कुत्रेही उतरू शकतात, त्यामुळे तिची रिंगणाची हौस तिथे भागवता येईल.

करार पुन्हा वाचावा असा माझा सल्ला आहे. आपण लिहिल्याप्रमाणे त्यात 'चॅम्पियन' किताबाचा उल्लेख आहे; ग्रँड चॅम्पियनचा वेगळा उल्लेख नसेल तर तो आग्रह मान्य करणे आपल्यावर बंधनकारक ठरत नाही, आणि तो मान्य केलाच तर खर्च कोणी करायचा हे आपण नव्याने ठरवू शकता. त्याबरोबर हेही पाहावे की किताबानंतर एक वेत घेण्याचा हक्क ब्रीडरबाईंनी स्वतःकडे ठेवला आहे का, कारण संयुक्त मालकीच्या करारांत असे कलम वारंवार असते. तसे असेल तर वेतापूर्वी नितंबांच्या सांध्यांची ओएफए (कुत्र्यांच्या सांध्यांच्या व आनुवंशिक आजारांच्या तपासण्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन संस्था) तपासणी, डोळ्यांची तपासणी आणि हृदयाची तपासणी करून घेण्याची अट आपण घालावी. ओएफए या सांध्यांची अंतिम श्रेणी कुत्रा चोवीस महिन्यांचा झाल्यावरच देते, म्हणजे आपल्या मादीच्या बाबतीत त्याला अजून जवळजवळ वर्ष आहे, आणि किताबाच्या तयारीला ते वर्ष आपसूकच मिळणार आहे. चॅम्पियन किताबासाठी यांपैकी एकही तपासणी सक्तीची नाही. रिंगणातील परीक्षक हाताने बांधा तपासतात, सांध्याचा एक्स-रे त्यांच्यापुढे नसतो.